चेंबरमध्ये बसलेले चुकीचे काडतूस

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांकडे आजोबांची .३०-०६ बोअरची बोल्ट रायफल (जिचा बोल्ट, म्हणजे मागचा दट्ट्या, दर वेळी हाताने उघड-बंद करावा लागतो) वारसाहक्काने आली आहे. परवाना रीतसर त्यांच्या नावावर झाला असून त्यावर बोअरही तोच नोंदलेला आहे. माळा आवरताना बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात त्यांना चौदा काडतुसे सापडली. सहांच्या बुडावर .३०-०६ असे स्पष्ट कोरलेले आहे, उरलेल्या आठांवर मात्र डीडब्ल्यूएम ही अक्षरे आणि एक आकडा एवढेच आहे. त्या आठांपैकी एक त्यांनी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, घालून पाहिले, त्यांच्याच शब्दांत, "जरा जड गेले, पण बोल्ट बंद झाला." काकांचे मत असे पडले की ही ८ मिलिमीटरची काडतुसे असावीत, फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही, तेव्हा रेंजवर एक-दोन उडवून पाहायला हरकत नसावी. त्यांनी काडतुसे मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेली छायाचित्रेही पाठवली आहेत.

उत्तर नकारार्थी आहे, आणि त्यात "जपून वापरा" अशी कोणतीही सवलत नाही. मी सैन्याच्या ईएमई या दुरुस्ती विभागात बावीस वर्षे आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा कारागीर, होतो आणि निवृत्तीनंतर ठाण्यात परवानाधारक दुरुस्तीदाराच्या टेबलावर आणखी सतरा वर्षे काढली. एवढ्या काळात "बसले नाही" म्हणून कोणाला इजा झालेली मी पाहिलेली नाही. जे काडतूस चेंबरमध्ये जातच नाही, ते आपले नुकसान करू शकत नाही. ज्या मोजक्या चुकीच्या जोड्यांत काडतूस आत जाते, बोल्ट फिरतो आणि टोपीवर (बुडाच्या मध्यभागी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या भागावर) सुईही पडते, त्याच जोड्या जिवावर बेततात. तुमची जोडी त्यांपैकी एक आहे.

छायाचित्रावरून तुमची आठ काडतुसे ८×५७ माउझर जातीची दिसतात. पुंगळी, म्हणजे दारू धरणारे पितळेचे नळकांडे, ५७ मिलिमीटर लांब आहे, बुडाला बाहेर आलेली किनार नाही, आणि डीडब्ल्यूएम हा जुन्या जर्मन कारखान्याचा ठसा आहे. .३०-०६ ची पुंगळी ६३ मिलिमीटर लांब असते. दोन्ही काडतुसे शेजारी उभी केली तर उंचीतला फरक लहान मुलालाही कळेल. आता तीच दोन्ही उलटी करून फक्त बुडे पाहा. दोन्ही बुडांचा व्यास १२ मिलिमीटर, खाच तशीच, टोपी तशीच. बोल्टला काडतुसाचा तेवढाच भाग दिसतो. एक्स्ट्रॅक्टर (काडतूस मागे ओढून काढणारी बोल्टवरची पट्टी) दोघांनाही सारख्याच विश्वासाने पकडतो, आणि म्हणून यंत्राकडून तुम्हाला कोणतीही सूचना मिळत नाही. हा योगायोगही नाही. अमेरिकी सैन्याने त्या काळी रायफल आणि काडतूस या दोन्हींसाठी माउझरच्या रचनेचाच आधार घेतला होता आणि १९०६ साली स्वीकारलेल्या.३०-०६ मध्ये बुडाचे ते माप कायम राहिले.

"जरा जड गेले" या तीन शब्दांत सगळे निदान आहे. माउझरच्या पुंगळीची मान बाहेरून साधारण ९ मिलिमीटर असते, तर .३०-०६ च्या चेंबरमध्ये मानेसाठी साधारण ८.६ मिलिमीटरचीच जागा ठेवलेली असते. काही रायफलींत बोल्टचा हात खाली दाबताना त्याच्या लग्जच्या (बोल्टला जागी अडकवून धरणाऱ्या दातांच्या) उतारामुळे भरपूर जोर मिळतो आणि मानेचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर त्या अरुंद जागेत रेटून बसतात. तुम्हाला हाताला जाणवले ते पितळ चिरडले जाण्याचे होते. (जिवंत काडतूस घरात, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये, चेंबरमध्ये घालून पाहण्याबद्दल मी वेगळे काही लिहीत नाही. तुम्ही पुन्हा तसे करणार नाही असे धरून चालतो.)

यापुढे चाप ओढला असता तर काय झाले असते, ते क्रमाने सांगतो. टोपी पेटली की दारू जळू लागते आणि वायूचा दाब चढतो. योग्य काडतुसात हा दाब सर्वांत आधी पुंगळीची मान किंचित फुगवतो, गोळी सुटते, पुढे सरकते, मागे जागा वाढते आणि दाबाला वाट मिळते. तुमच्या बाबतीत मान फुगायला जागाच नाही. चेंबरच्या पोलादाने तिचा गळा आवळलेला आहे आणि तिने गोळीचा. गोळी कशीबशी सुटली तरी पुढे नळी आहे ७.८२ मिलिमीटरच्या गोळीसाठी कोरलेली, आणि ही गोळी आहे ८.२ मिलिमीटरची. काकांचे गणित बरोबर आहे, फरक ०.३८ मिलिमीटर आहे. पण ही गोळी मेणाची नाही. शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच चढवलेली ती वस्तू आहे, आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच्या वेळात तिला तारेसारखे ओढून बारीक व्हायचे आहे. तेवढ्यात दारू थांबत नाही. धूरविरहित दारूचा स्वभावच असा की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो.

आकड्यांत बोलायचे तर .३०-०६ साठी युरोपातील सी.आय.पी. ही प्रमाणीकरण संस्था ४,०५० बार हा कमाल दाब मानते. घरातल्या कुकरची शिटी साधारण १ बारला उठते. योग्य काडतूस उडवतानाच बोल्टच्या तोंडावर तीन टनांहून अधिक रेटा येतो आणि रायफल तो हजारो वेळा सहन करते, कारण तिची बांधणी त्यासाठीच केलेली असते. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तिची चाचणी कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाच्या काडतुसाने घेतली जाते. राखीव ताकद म्हणतात ती एवढीच. गळा आवळलेले, जाड गोळीचे काडतूस ही राखीव ताकद किती ओलांडेल ते त्या विशिष्ट रायफलीच्या चेंबरवर, गोळीच्या कवचावर आणि दारूच्या अवस्थेवर अवलंबून असते. म्हणजेच ते आधी कोणालाही सांगता येत नाही.

रायफल फुटते म्हणजे चित्रपटात दाखवतात तशी नळीची फुले होतात, अशी समजूत आहे. तसे नळीत अडथळा असेल तेव्हा होऊ शकते. चुकीच्या काडतुसात पहिला बळी बहुधा पुंगळीच्या बुडाचा जातो. चेंबरच्या भिंतीचा आधार नसलेला, एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेजवळचा पितळेचा भाग आधी वाहतो, टोपी आपल्या घरातून निसटते आणि तापलेला वायू बोल्टच्या बाजूने मागे येतो, म्हणजे गालाकडे आणि डोळ्याकडे. दस्त्याचे लाकूड मॅगझिनपाशी उभे चिरते, मॅगझिनचे खालचे झाकण उडते, आणि आधाराच्या हाताची बोटे त्याच्या अगदी जवळ असतात. त्याहून पुढची पायरी म्हणजे बोल्टचे लग्ज किंवा रिसीव्हरची (बोल्ट ज्यात बसतो त्या पोलादी सांगाड्याची) कडी तुटणे; ती पायरी गाठली गेली तर मग वर्णन करायला नेमबाज उरेलच असे नाही.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एक रायफल आमच्या टेबलावर आली होती. जोडी हीच, तुमचीच. बोल्ट हाताने हलेना, तेव्हा लाकडी ठोकळा लावून हळूहळू ठोकून तो मागे घ्यावा लागला. पुंगळीचे बूड बोल्टच्या तोंडाला डाग दिल्यासारखे चिकटले होते. ते सोडवून भिंगाखाली धरले तर कारखान्याची अक्षरे पार सपाट झाली होती, त्यांच्या जागी बोल्टच्या तोंडावरच्या खोदकामाच्या रेषा उमटल्या होत्या. टोपीच्या जागी नुसते वाढलेले भोक. एक्स्ट्रॅक्टरची पट्टी तुटून गेली होती, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. मालकाच्या उजव्या गालावर गोंदल्यासारखे काळे बारीक ठिपके होते आणि चष्म्याची उजवी काच दुधाळ झाली होती. त्या काचेने डोळा वाचवला. रायफल वाचली नाही. बाहेरून धड दिसत असली तरी लग्जच्या मुळाशी बारीक तडा होता आणि मी ती दुरुस्त करण्यास नकार दिला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक वेळी असे होतेच असे नाही. माउझर ९८ च्या धाटणीचा बोल्ट दणकट असतो आणि निसटलेला वायू बाजूला काढून देण्यासाठी त्यात भोकेही दिलेली असतात. अशा रायफलीत चुकीचे काडतूस उडून फक्त बोल्ट जड झाला, एवढ्यावर निभावल्याची उदाहरणे आहेत. आणि हाच यातला सर्वांत वाईट भाग मी मानतो, कारण त्या माणसाला वाटते की चालते. मग तो डब्यातले दुसरे काढतो.

आता नावांच्या गोंधळाकडे वळतो, कारण काकांची चूक मापाची नसून नावाची आहे. आपल्याकडे "८ मिलिमीटर" म्हटले की दोन भिन्न काडतुसे डोळ्यांसमोर येऊ शकतात. एक हे माउझरचे. दुसरे ३१५ बोअर, ज्याच्या ईशापूरच्या स्पोर्टिंग रायफली देशभर परवानाधारकांकडे आहेत आणि ज्याची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीला बनतात. त्यांच्या बुडावर केएफ ही अक्षरे असतात. इंचाचे .३१५ म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर, म्हणून दोन्ही आठच. परंतु ३१५ चे काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिशर काडतुसावरून आलेले आहे, त्याची पुंगळी ५० मिलिमीटरची, बुडाला बाहेर किनार असलेली आणि पोटाशी माउझरपेक्षा जाड. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एवढेच नव्हे, खुद्द ८×५७ मध्येही दोन जाती आहेत. जुनी, आय अक्षराची, जिची गोळी ८.०८ मिलिमीटरची आणि १९०५ नंतरची, आयएस अक्षरांची, जिची गोळी ८.२२ मिलिमीटरची व दारूही अधिक जोमाची. पुंगळी जवळजवळ एकच असल्यामुळे नवे काडतूस जुन्या रायफलीत आरामात बसते, जडही जात नाही, आणि १८८८ च्या नमुन्याच्या म्हाताऱ्या रायफलीला तेवढा जाच पुरे होतो.

काडतुसाच्या नावातला आकडा हे मोजमाप नव्हे, ते नाव आहे, असे मी नव्या मंडळींना सांगतो. थ्री-नॉट-थ्रीचे .३०३ हे नळीच्या आतल्या उंचवट्यांवरून मोजलेले माप आहे, तिची गोळी प्रत्यक्षात .३१२ इंचाच्या आसपास असते. .३०८ मध्ये मात्र गोळीचाच व्यास सांगितलेला आहे. .३०-०६ मधले शेवटचे दोन अंक म्हणजे सालाची आठवण. बारा बोअरमधले बारा तर आणखीच वेगळे, एका पौंड शिशातून नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या होतील ती संख्या. असे हे नामकरण असताना "आकडा जवळचा आहे" या आधारावर कोणताही निर्णय घेणे धोक्याचे आहे.

गोळीचा व्यास तोच असला तरी जोडी बरोबर ठरत नाही. .३०८ आणि .३०-०६ या दोघांची गोळी एकच, बूड एकच, पण .३०८ ची पुंगळी १२ मिलिमीटरने आखूड. ती .३०-०६ च्या चेंबरमध्ये कित्येकदा आत जाते आणि उडतेही. पुंगळीच्या खांद्याला पुढे टेकायला काही नसते, म्हणून पितळ चेंबरभर पसरते, मान नाहीशी होते आणि पुंगळी उभी फाटते किंवा बुडापासून तुटते. येथे दाब बेफाम चढत नाही, पण फाटलेल्या पुंगळीतून वायू मागे येतो तो येतोच. याच्या उलट टोकाला अमेरिकेतले .३०० ब्लॅकआउट आहे. २०११ साली प्रमाणित झालेले हे काडतूस .२२३ च्याच पुंगळीवरून बेतलेले आहे, त्याच मॅगझिनमध्ये बसते, आणि त्याची ७.८२ मिलिमीटरची गोळी ५.७ मिलिमीटरच्या नळीत ढकलली जाते. तिकडे रायफली फुटण्याचे हे सर्वपरिचित कारण झाले आहे. सामी ही तिथली उद्योगसंस्था अशा धोकादायक जोड्यांची यादीच प्रसिद्ध करते.

खेळातल्या नेमबाजांनी हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्याकडे टू-टूची चौकशी करणारे पालक वाढले आहेत. टू-टू म्हणजे .२२ लाँग रायफल; पण .२२ मॅग्नम हे वेगळे काडतूस आहे, लांब आणि जाड, पुंगळीचा व्यास ५.७ ऐवजी ६.१ मिलिमीटर. मॅग्नम लाँग रायफलच्या चेंबरमध्ये जात नाही हे सुदैव. लाँग रायफल मात्र मॅग्नमच्या चेंबरमध्ये खुळखुळत बसते, उडताना फाटते आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या मनगटाला चटका देऊन जाते.

विषय रायफलीचा आहे, तरीही मुरबाड-शहापूरकडचे पीक संरक्षणाचे परवानाधारक आणि वाशीच्या बाजारात रोकड सांभाळणारे रखवालदार बहुतेक बारा बोअर वापरतात म्हणून दोन वाक्ये. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून चेंबरच्या पुढे अडकते, नळी रिकामी दिसते, माणूस वर बाराचे भरतो, आणि नळी डाव्या हाताच्या वरच फुटते. विसाची काडतुसे पिवळ्या रंगात बनवतात ती याच कारणाने. तसेच जुन्या विलायती बंदुकांची चेंबरे ६५ मिलिमीटरची असतात आणि आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस मिटलेल्या अवस्थेत त्यांत सहज मावते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा नसते.

परत तुमच्या डब्याकडे. .३०-०६ लिहिलेली सहा काडतुसे तरी वापरावीत का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असेलच. माझे मत वापरू नयेत असे आहे. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली. तुमच्या आजोबांची पेटी त्याआधीची असण्याची शक्यता मोठी. ठाण्याच्या पन्नासेक पावसाळ्यांची दमट हवा त्या पितळेने खाल्ली आहे. छायाचित्रात दोन पुंगळ्यांच्या मानेवर हिरवा कळंक स्पष्ट दिसतो. अशा काडतुसाची टोपी पेटून दारू नीट पेटली नाही, तर नुसता "फुस्स" आवाज होतो आणि गोळी नळीच्या मध्येच अडकून राहते. दुसरे योग्य काडतूस जरी त्यामागे उडवले तरी नळी फुगते किंवा फुटते. म्हणून रेंजवर आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर नळी लक्ष्याच्या दिशेने तशीच धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण दारू उशिरा पेटू शकते. मग बोल्ट उघडून, काडतूस काढून, नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहावे. गोळी, पुंगळी वा काडतूस अडकले असेल तर गजाने ठोकू नये, रेंजच्या अधिकाऱ्याला बोलवावे.

कायद्याची बाजूही आहेच. तुमचा परवाना .३०-०६ चा आहे, म्हणजे माउझरची ती आठ काडतुसे बाळगण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मग ती वापरा वा न वापरा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ मध्ये अशा वस्तू जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद आहे. ठाण्यात आधी फोन करून, आजोबांच्या डब्यात ती कधी व कशी सापडली याचा लेखी अर्ज द्यावा, काडतुसांची संख्या आणि बुडावरचे ठसे अर्जात लिहावेत आणि पोच घ्यावी. कळंक चढलेली सहाही त्याच अर्जात नोंदवून देऊन टाकावीत. खाडीत टाकणे, कचऱ्यात देणे किंवा भंगारवाल्याला पितळ म्हणून विकणे, हे तिन्ही प्रकार मी ऐकलेले आहेत. तिन्हींत जिवंत काडतूस अनोळखी माणसाच्या हाती पडते.

रायफलीचे म्हणाल तर ती पन्नास वर्षे उडालेली नाही, आणि नळीवर .३०-०६ कोरलेले असले तरी मी तेवढ्यावर विसंबणार नाही. जुन्या शिकारी रायफलींच्या नळ्या बदललेल्या असतात, चेंबरे पुन्हा कापलेली असतात आणि कोरीव अक्षरे तशीच राहतात. शिवाय तुम्ही माउझरचे काडतूस त्यात दाबून बसवले आहे, तेव्हा चेंबरच्या मानेत पितळेचा कीस राहिला असण्याची शक्यता आहे. परवानाधारक दुरुस्तीदाराकडून चेंबरचा साचा घेऊन त्याची मापे काढून घ्यावीत, गेजने हेडस्पेस (बंद बोल्टचे तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकते ती जागा यांतले अंतर) तपासावा, आणि बोल्टच्या लग्जना तडा आहे का ते पाहून घ्यावे. सोबत मूळ परवाना न्यावा, रायफल रिकामी, बोल्ट वेगळा काढलेला आणि पिशवीत बंद असावी, काडतूस एकही बरोबर नसावे. नवी काडतुसे त्यानंतरच, परवान्यावर नोंद करून, बंद खोक्यातली घ्यावीत; आणि खोके उघडल्यावर पहिल्या दिवशी तरी प्रत्येक काडतुसाचे बूड उजेडात धरून वाचावे. वीस काडतुसांना दोन मिनिटे लागतात.